कर्ली जिथे वळते

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा नकाशा उघडा, कर्ली नदीवर बोट ठेवा आणि प्रवाहाबरोबर खाली या. सह्याद्रीतून निघालेली ही नदी कुडाळ तालुका ओलांडत पश्चिमेकडे येते, रुंद होते, तिची खाडी होते. तारकर्लीपाशी ती समुद्राच्या इतकी जवळ पोचते की मधे माडांची एक पट्टीच काय ती उरते. आता मिळाली, असं वाटतं. नेमकी तिथेच ती दक्षिणेला वळते. समुद्र उजव्या हाताला ठेवून, त्याला समांतर, काही किलोमीटर वाहत राहते आणि भोगव्याच्या डोंगरासमोर एकदाची त्याला मिळते.

नदीला असं वळायला लावायचं तर वाटेत एखादा डोंगर हवा, निदान कातळ तरी हवा. इथे तसलं काहीच नाही. तिला अडवून धरलंय ते वाळूनं. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूचा एक लांबट, सखल दांडा. या दांड्यावर माणसं राहतात. घरं आहेत, देवळं आहेत, शाळा आहे, विहिरी आहेत, हजारो माड आहेत. गावाचं नाव देवबाग, तालुका मालवण. रस्त्यानं चालताना एकीकडच्या दोन घरांमधून समुद्र दिसतो आणि दुसरीकडच्या दोन घरांमधून खाडी, अशा जागा इथे आहेत. एका पाण्यावर लाटा फुटत असतात, तेव्हा दुसऱ्या पाण्यात माडांची सावली मोडतही नाही.

लातूरकडच्या आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या माणसाला याचं नवल जास्त वाटतं, कारण आमची जमीन अगदी दुसऱ्या टोकाची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आम्ही राहतो. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला जमिनीच्या पोटात खोल छिद्र घेतलं गेलं, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत नुसता काळा बेसाल्ट लागला. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो झाला आहे. देवबागच्या खालची जमीन फार तर काही हजार वर्षांची. पाषाणयुगातला माणूस आमच्या मांजरेकाठी हिंडत होता तेव्हा देवबाग नव्हतं. गाव नव्हतं एवढंच नाही, गावाखालची जमीनच नव्हती.

ती आली कशी, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फ होऊन ध्रुवांकडे अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा खूप पश्चिमेला होता. मग बर्फ वितळू लागला आणि समुद्र चढत आला. सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्याची चढण मंदावली. तोपर्यंत कोकणातल्या नद्यांची खालची खोरी बुडाली होती आणि त्यांच्या खाड्या झाल्या होत्या. समुद्र एका पातळीला टिकला, तेव्हाच वाळूला एका जागी साचायला सवड मिळाली. जगभरात जिथे जिथे समुद्राच्या आणि मुख्य जमिनीच्या मधे वाळूची बेटं उभी आहेत, तिथे गोष्टीचा आरंभ साधारण याच काळातला आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून २०११ मध्ये झालेल्या एका मोजणीत अशी २,१४९ बेटं भरली. अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्यालगतचं पाद्रे बेट त्यांतलं सर्वांत लांब, सुमारे १८० किलोमीटर. देवबाग या कुळातलंच, पण पूर्ण बेट नव्हे. त्याचं एक टोक तारकर्लीला जमिनीशी जोडलेलं आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याला वाळूचा दांडा म्हणतात. समुद्रानं कधी त्याची मान तोडली, तर त्याच दिवशी त्याचं बेट होईल.

वाळू दोन वाटांनी येते. एक वाट नदीची. सिंधुदुर्गाचा दक्षिण भाग दख्खनच्या काळ्या खडकाच्या पलीकडे आहे. तिथे ग्रॅनाइट, नाईस, क्वार्टझाइट असे फार जुने, गारगोटीनं भरलेले खडक उघडे पडले आहेत. किल्लारीच्या छिद्रात बेसाल्ट संपल्यावर खाली लागला तो याच कुळातला खडक. म्हणजे आमच्या पायांखाली तीनशेहून अधिक मीटरांच्या पलीकडे जे लपलं आहे, ते मालवणकडे पावसात उन्हात झिजतं आहे. गारगोटीचा कण कठीण असतो, तो विरघळत नाही, पिठूळ होत नाही. म्हणून श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडची वाळू काळपट आणि तारकर्लीची पांढरट. दुसरी वाट समुद्राची. शिंपल्यांचा, शंखांचा चुरा लाटा वर आणून टाकतात. तारकर्लीची मूठभर वाळू भिंगाखाली धरली तर काचेसारखे पारदर्शक कण आणि शिंपल्यांचे गुलाबी, पांढरे तुकडे शेजारी शेजारी दिसतात.

आता ही वाळू चालते कशी ते पाहा. लाट किनाऱ्याला क्वचितच सरळ येऊन भिडते, बहुतेक वेळा थोडी तिरकी येते. वर चढताना ती वाळूचे कण तिरके वर नेते. परत फिरताना मात्र पाणी उतारानं सरळ खाली येतं. पुढची लाट तोच कण पुन्हा तिरका उचलते. करवतीच्या दात्यांसारख्या वाटेनं तो कण दर लाटेला थोडा थोडा किनाऱ्यानं पुढे सरकतो. एका लाटेत वीतभर, हातभर. पण लाटा थांबत नाहीत आणि कण अब्जावधी आहेत. एखाद्या सकाळी तारकर्लीच्या पुळणीवर पाय रोवून उभं राहावं. घोट्याभोवतीची वाळू सरकत असते ती गंमत म्हणून नव्हे, ती कुठेतरी निघालेली असते.

ही चालत आलेली वाळू नदीच्या मुखाशी येते आणि तिथे रस्सीखेच सुरू होते. लाटा मुख बुजवू पाहतात. नदी, विशेषतः आषाढातली, ते ढकलून मोकळं करते. शिवाय दर बारा तासांनी भरतीचं पाणी खाडीत शिरतं आणि बाहेर पडतं, तेही वाट राखतं. दोघांपैकी कुणीच पुरतं जिंकत नाही. दांडा दक्षिणेला थोडा वाढतो, नदी थोडी आणखी दक्षिणेला सरकते, असं शतकानुशतकं चालत आलं. समोर भोगव्याचा खडकाळ डोंगर आला, तिथे नदीला आणखी सरकायला जागा उरली नाही. देवबागचा संगम आज आहे तो या तडजोडीच्या जागी.

तरीही नुसती वाळू म्हणजे गाव नव्हे. वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूला आधी कुणीतरी धरून ठेवावं लागतं, आणि ते काम माणसाच्या आधी झाडांनी केलं. पुढच्या रांगेत मर्यादवेल, जांभळ्या घंटेसारख्या फुलांची, वाळूवर पसरत जाणारी. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा हे टोकदार, काटेरी गवत. या दोघी खारा वारा सोसतात, वाळूखाली गाडल्या गेल्या तरी पुन्हा वर येतात आणि जिथे येतात तिथे वाळूचा उंचवटा साठतो. त्यांच्या मागे केवडा, उंडी, माणसानं लावलेलं सुरूचं बन आणि मग माड. खाडीच्या बाजूला वाळू संपून चिखल लागतो, तिथे खारफुटी. ओहोटीला तिची मुळं उघडी पडतात आणि त्यांच्या जाळीत कुर्ल्या आणि माशांची पिल्लं वाढतात. समुद्रात मिळणाऱ्या कितीतरी माशांचं बाळपण या खाडीत गेलेलं असतं.

मराठवाड्यातल्या माणसानं देवबागला जाऊन सर्वांत आधी काय पाहावं, असं मला कुणी विचारलं तर मी समुद्र म्हणणार नाही, विहीर म्हणेन. दोन्हीकडे खारं पाणी, खाली वाळू, जिच्यातून पाणी आरपार जातं. आणि त्या वाळूत थोडंसं खणलं की गोडं पाणी! हे कसं, याचं उत्तर युरोपात असल्याच वाळूच्या जमिनीवर सापडलं. हॉलंडमध्ये गायबेन यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि त्याच्यापासून स्वतंत्रपणे हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानं १९०१ मध्ये ते मांडलं. उत्तर समुद्रातल्या जर्मन वाळूच्या बेटांवर श्रीमंत लोक हवापालटाला जात. त्या गावांना पाणी कुठून पुरवायचं, या प्रश्नावर हर्झबर्ग काम करत होता.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. समुद्राचं पाणी मिठामुळे गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक चाळीसांश जड असतं. पावसाचं पाणी वाळूत मुरलं की ते खाऱ्या पाण्यात लगेच मिसळत नाही, त्याच्यावर तरंगत राहतं. बेटाच्या मध्यावर भूजलाची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर तिथे खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी साठलेलं असू शकतं. कडांकडे हा थर पातळ होत जातो. वाळूच्या कणांमुळे पाण्यात ढवळाढवळ होत नाही, म्हणून तो टिकतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. तो सगळा समुद्रात वाहून गेला असता तर देवबागला माणूस राहिला नसता. वाळू त्यातला वाटा धरून ठेवते आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवते. मात्र जोरदार पंप लावून उपसा केला की खालचं खारं पाणी वर सरकतं, आणि वरचं एक मीटर गमावलं की खालचं चाळीस मीटर गमावण्याचा हिशेब उलट लागू होतो. पाणी एकदा मचूळ झालं की ते परत गोडं व्हायला काही पावसाळे लागतात.

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, तो दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. त्या उन्हाळ्याची आठवण मनात ठेवून देवबागच्या विहिरीत डोकावलं की पाणी धरून ठेवणं म्हणजे काय हे वेगळंच उमगतं. जवळच धामापूरला १५३०च्या सुमाराला बांधलेला तलाव आहे. जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत त्याला २०२० मध्ये स्थान मिळालं. भरपूर पावसाच्या प्रदेशातल्या माणसांनी पाणी अडवण्यासाठी एवढे कष्ट घेतले, हे आमच्याकडच्या प्रत्येक सरपंचानं पाहावं असं आहे.

देवबागचा जुना धंदा मासेमारी. गाबीत समाजाची ही किनारपट्टी. पूर्वीपासून समुद्रावर वाढलेली, मराठ्यांच्या आरमारालाही माणसं पुरवणारी. तारकर्लीत, देवबागात, मालवणच्या दांडीवर अजून रापण लागते. रापण म्हणजे काठावरून ओढायचं प्रचंड लांब जाळं. एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक लांबवर पुन्हा किनाऱ्यावर आणते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळं हळूहळू आत येतं. बराच वेळ नुसता दोर येतो, ओला आणि जड. मग पाणी चमकू लागतं. तारली, बांगडे, पेडवे, नशीब असेल तर सुरमई. एक रापण अनेक घरांच्या भागीदारीची असते आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. यांत्रिक पर्ससीन जाळ्यांनी खोल पाण्यातच थवेच्या थवे उचलायला सुरुवात केली, तेव्हापासून काठाला येणारी मासळी घटली अशी रापणकरांची तक्रार आहे आणि तिच्यावरून इथे मोठे संघर्ष झाले आहेत. मला रापणकरांचं म्हणणं पटतं. जे जाळं माणसांच्या हातांनी ओढावं लागतं, त्याला आपोआपच मर्यादा असते.

सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि या दांड्याचं आयुष्य पालटलं. पर्यटन महामंडळाचं निवास तारकर्लीला झालं, कर्लीच्या पाण्यावर हाऊसबोटी आल्या, स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आली. तरी देवबागची चाल अजून संथ आहे. बहुतेक ठिकाणी पाहुणा घरच्या पडवीतच उतरतो. सकाळी घावणे, दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी, संध्याकाळी कुणीतरी होडी काढतं. शाकाहारी मंडळींनीही काळजी करू नये, ओल्या काजूंची उसळ आणि नारळाच्या रसातले शिरवाळे खाऊन आलेला माणूस दुसरं काही मागत नाही. थंडीत सकाळी संगमाबाहेर डॉल्फिन दिसतात. उडी मारून खेळ करणारे हे प्राणी नव्हेत, श्वास घ्यायला पाठ वर काढून पुन्हा खाली जाणारे आहेत. त्यांच्यामागे होडी दामटू नये एवढं नावाड्याला आपण सांगितलं तरी पुष्कळ.

मालवणसमोरच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचं पाणी येतं. किल्ल्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, पण वाळूच्या दांड्यावरून तिथे गेलं की त्याच्या बांधकामाकडे पाहण्याची नजर बदलते. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ला पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये काम पुरं झालं. त्यासाठी कुरटे हे खडकाळ बेट निवडलं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. ४८ एकरांचा किल्ला, सुमारे तीन किलोमीटरांचा नागमोडी तट, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, पण लवकरच तो करवीरकरांना परत करावा लागला. काही मैलांच्या आत दोन तऱ्हांची वस्ती आहे. किल्ला लाटेला तोंड देऊन जागच्या जागी साडेतीनशे वर्षं उभा. देवबाग लाटेनंच आणलेल्या मालावर वसलेलं, आणि तो माल अजूनही हलतो आहे.

हलतो म्हणजे किती, ते संगमावर दिसतं. ओहोटीला तिथे वाळूचे उंचवटे उघडे पडतात. त्यांतल्या एकाला सुनामी आयलंड म्हणतात. डिसेंबर २००४च्या सुनामीनंतर तो वर आला, असं तिथले लोक सांगतात. पर्यटक होडीनं तिथे जातात, गुडघाभर पाण्यात उभे राहतात, आणि भरती चढली की परततात. नदीच्या मुखाशी असे उंचवटे होणं, सरकणं, पुसलं जाणं हे नेहमीचंच आहे. ओहोटीचं पाणी वाळू बाहेर नेतं, लाटा ती पुन्हा आत ढकलतात, आणि दोघांच्या मधे ती बसते. यंदा होडी जिथून गेली तिथून पुढच्या वर्षी जाईलच असं नाही. जुन्या नावाड्यांना पाण्याच्या रंगावरून खोली कळते, ती त्यामुळेच.

किनाराही वर्षातून दोनदा रूप बदलतो. जूनमध्ये नैर्ऋत्येच्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओरबाडून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. मग मोठ्या लाटा त्या बांधावरच फुटतात, किनाऱ्यापर्यंत त्यांचा जोर कमी होतो. ऑक्टोबरपासून शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे जुलैमध्ये बोडका दिसणारा किनारा गेलेला नसतो, समुद्रात जाऊन गावाचं रक्षण करत असतो.

पण एखाद्या वर्षी हिशेब बिघडतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार, मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळं या किनाऱ्याला घासून गेली. वादळ आणि उधाणाची भरती एका वेळी आली की समुद्र माडांच्या मुळांपर्यंत येतो. देवबागला समुद्राच्या बाजूनं दगडांचे बंधारे घातले गेले आहेत. मागचं घर त्यांनी वाचतं, हे खरं. पण दगडी भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरची वाळू खरवडते आणि भिंतीच्या टोकाशी धूप वाढते, हेही तितकंच खरं. आणि नदीकडून येणारी वाळू कमी झाली तर कुठलाच बंधारा पुरणार नाही. कर्लीच्या खाडीतून बांधकामासाठी वाळू उपसली जाते. ती वाळू या गावाची जमीन आहे. माझ्या मते देवबागच्या भवितव्याचा प्रश्न समुद्रापेक्षा या उपशात अधिक आहे.

आमच्याकडचे यात्रेकरू रामेश्वराला जातात तेव्हा धनुष्कोडीला जाऊन येतात. तेही असंच वाळूच्या निमुळत्या टोकावरचं गाव. १९१४पासून तिथे रेल्वे होती, धक्का होता, लंकेला जाणारी बोट सुटायची. टपाल कचेरी, शाळा, चर्च सगळं होतं. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळाबरोबर समुद्र वाळूवरून आला आणि पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसह घेऊन गेला. गाव पुन्हा वसलं नाही. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या हॅटेरस इथे माणसांनी दुसरी वाट धरली. वाळूच्या बेटावरच्या दीपस्तंभाच्या पायाशी समुद्र आला, तेव्हा १९९९ मध्ये तो साठ मीटरांहून उंच मनोरा त्यांनी रुळांवर चढवून जवळजवळ नऊशे मीटर आत नेला. बेट सरकतं आहे, तर आपणही सरकावं, हा त्यांचा विचार. देवबागला सरकायला मागे जमीन नाही, खाडी आहे.

देवबागविषयी वाचता वाचता मला जे सापडलं, त्यानं मी अजून भारावलेला आहे. आमच्या तालुक्याचाही असा एक वाळूचा दांडा आहे. फक्त तो पूर्वेला आहे. शिरूर अनंतपाळच्या शिवारातलं पावसाचं पाणी अरबी समुद्राकडे जात नाही. ते घरणीतून, ओढ्यानाल्यांतून मांजरेत जातं, मांजरा तेलंगणात कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. जाताना ती गाळ नेते. तिच्या गौतमी फाट्याच्या मुखाजवळ, काकीनाडा बंदरासमोर, सोळा-अठरा किलोमीटर लांबीचा एक वाळूचा दांडा आहे. त्याच्या टोकाला होप आयलंड म्हणतात. तो गेल्या सुमारे दोनशे वर्षांत तयार झाला! म्हणजे पेशवाई संपली त्या सुमाराला तिथे उघडा समुद्र होता.

देवबागचा दांडा दक्षिणेला वाढला, काकीनाड्याचा उत्तरेला. त्या किनाऱ्यावरच्या लाटा वाळूला तिकडे नेतात. त्या दांड्यानं काकीनाड्याचं बंदर वादळी लाटांपासून झाकलं. आतल्या शांत पाण्यात बारीक गाळ बसला आणि त्याच्यावर कोरिंगाचं खारफुटीचं जंगल वाढलं. दांड्यावर कोळ्यांची एक लहान वस्ती आहे, आणि थंडीनंतर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूचे जड कण त्या दांड्यात गेले. आमच्या काळ्या मातीसारखे हलके कण खारफुटीच्या चिखलात किंवा आणखी दूर खोल समुद्रात. हे नुसतं अनुमान नाही. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यांमध्ये दख्खनच्या बेसाल्टची रासायनिक खूण संशोधकांना मिळाली आहे, आणि ती साधारण चार हजार वर्षांपासून वाढत गेलेली दिसते. पाऊस अनियमित होत गेला, पठारावर शेती पसरली, माती सैल झाली आणि वाहून गेली. पहिल्या शेतकऱ्यांच्या नांगराची नोंद बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे.

आज तिकडे जाणारा गाळ पुष्कळ आटला आहे. मांजरेवर निजामसागर १९३१ मध्ये झाला, मग सिंगूर, गोदावरीवर जायकवाडी, श्रीरामसागर. आमच्याच तालुक्यात घरणी आणि साकोळचे प्रकल्प आहेत. प्रत्येक भिंतीमागे पाण्याबरोबर माती थांबते. १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्रापाशी नेत होती, १९९०च्या दशकात तो सहा कोटी टनांच्या आत आला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे हटतो आहे. आमच्या तलावांतला गाळ काढून शेतात पसरण्याचं काम उन्हाळ्यात चालतं, ते चांगलंच आहे. पण नदीच्या पात्रातली वाळू ट्रॅक्टर भरभरून उपसली जाते, तेव्हा शेकडो किलोमीटरांवरच्या कुणाच्या तरी पायाखालची जमीन कमी होत असते. देवबागकर आणि होप आयलंडवरचा कोळी यांना ते बरोबर ठाऊक आहे. आमच्यापर्यंत ते अजून पोचायचं आहे.

देवबागला जायचं तर लातूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि मग घाट उतरून कुडाळ किंवा कणकवलीमार्गे मालवण. २६ मे ते ३१ ऑगस्ट होड्या बंद असतात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आणि जाण्याआधी घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय पाहून एक हिशेब करून ठेवा. कोकणातली माणसं तो पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. ज्या दिवशी पोचणार त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट काढायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्याबरोबर मागे पडत जाते, म्हणून हे गणित जुळतं. शुद्ध असो की वद्य, नियम तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला समुद्र सर्वांत जास्त चढतो आणि सर्वांत जास्त मागे हटतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास संगमावरची वाळू जास्तीत जास्त उघडी असेल. नावाड्याला त्याच्या थोडं आधी निघायला सांगा.